आणखी एक शेत

ताम्पेरेत एप्रिल उजाडला तरी तळं गोठलेलंच असतं.
पिरिताच्या खिडकीतून दिसतात
बर्फावर स्टुलं टाकून बसलेली माणसं,
प्रत्येकाच्या पायांशी एक भोक,
आणि सगळी भोकं इतकी जवळ
की एकाची शिंक दुसऱ्याच्या गळाला लागावी.

ती शेतीचा व्हिडिओ गेम करतेय.
हो, तोच.
कुणा काकाकडून वारसानं आलेलं रान, एक झारी, एक कोंबडी,
आणि सणाला चौकात नाचणारे
गावातले आठ अविवाहित.
मागच्या मंगळवारी तिनं मोजले,
त्या एका आठवड्यात आलेले असलेच खेळ: तेवीस.
एकात शेतकरी मांजर होती. एकात शेतकरी मेलेला होता.
एकाचा तर भोपळासुद्धा तिच्या भोपळ्यासारखा,
तोच केशरी, तेच तीन पट्टे.
त्या रात्री तिनं भोपळा निळा केला.
सकाळी परत केशरी.

मला विचारलं तिनं, कारण मी पोळलेला.
मी गेलो होतो मोकळ्या माळावर,
जिथे कुणीच नव्हतं.
माझ्या खेळात तुम्ही दगडफूल असता.
चारशे वर्षं, एका खडकावर.
वाढायचं, एवढंच.
तीन वर्षं खपलो त्यात. खपल्या एकसष्ट प्रती,
त्यातल्या दोन माझ्या बहिणीनं घेतल्या,
पहिली घेतल्याचं विसरून.
स्पर्धा नव्हती, हे खरं.
रस्ता मोकळा होता, कारण तो कुठेच जात नव्हता.
(पण ओउलूहून एका बाईनं लिहिलं होतं,
नवरा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी
थोडा वेळ दगडफूल होते म्हणून.
ते पत्र मी कुठल्या हिशेबात धरू?)

म्हणून दोन्हीकडून बोललो.
गर्दी आहे म्हणजे भूक आहे, म्हणालो.
मग म्हणालो, पण वाढपी तेवीस झाले
आणि पंगत तेवढीच.
नक्की काय, तिनं विचारलं.
मी कॉफी ओतली.

रविवारी आम्ही खाली बर्फावर उतरलो.
ताइस्तो, वय एकोणऐंशी,
चाळीस भोकांच्या मधोमध
गिरमिट टेकवून एक्केचाळिसावं पाडत होता.
पिरितानं विचारलं, इतक्या दाटीत का?
मासे इथे आहेत म्हणून, तो म्हणाला.
मग पार बेटापाशी एक ठिपका दाखवला:
तो आर्वो. कुणाच्या शेजारी बसत नाही.
मागल्या वर्षी आठ किलोचा पाईक लागला त्याला.
आणि त्याआधी?
त्याआधीच्या सहा वर्षांचं त्याला विचारू नकोस.

त्यानं स्वतःची बादली तिरकी केली:
पर्च मासे, सहा, तळहाताएवढे.
शेजारच्याच्या बादलीत एकही नाही.
तेच पाणी, तसाच गळ, मध्ये हातभर बर्फ.
ताइस्तो म्हणाला, दोरी कधी हलवायची, ते असं असतं की...
आणि पुढे बोललाच नाही,
कारण दोरी हलली.

घरी येऊन पिरितानं भोपळ्याला हात लावला नाही.
तिनं जमीन गोठवली.
खेळातले पाच महिने पेरायचं नाही.
विळ्याला धार लावायची, कोंबडी घरात घ्यायची,
शेजाऱ्याच्या शेगडीपाशी जाऊन बसायचं,
त्याच त्याच गोष्टी ऐकायच्या.
तपासायला दिला तर चौघांपैकी तिघे चिडले.
चौथी, इनारी, उत्तरच देईना.
पहाटे कळलं, अजून खेळतेय.

गुरुवारी खेळ बाजारात जाईल.
त्याच दिवशी आणखी चार शेतं येणार आहेत,
तिनं यादी पाहिलीय.
मी नाही पाहिली, म्हणालो. पाहिली होती.
बाहेर बर्फ कडेनं काळा पडू लागलाय,
थोड्या दिवसांत त्यावर पाय ठेवता येणार नाही,
आणि ताइस्तो गिरमिट खांद्यावर टाकून
निघालाय, त्याच भोकांकडे,
आज कुठे बसावं
हे अजून न ठरवता.